बडग्याची बाजू

यंदा जगनाथ बुधवारीतल्या पोट्ट्यांनी
महागाईचा नाही, डेंगूचाही नाही,
राजा उदग्राचा बडग्या केला.
बांबूच्या कामट्या, आयांच्या जुन्या साड्या, रद्दीचं पोट,
आणि गळ्यात पाटी : दार लावणारा.

पाच खंडांची ती कादंबरी
माझ्याच कपाटातून गेली या गल्लीत,
तर्रीचे डाग घेत, हातोहात.
पूर्वेशनं तिसऱ्या खंडाच्या समासात
उदग्राच्या नावापुढे शिवी लिहिली आहे,
बॉलपेन इतकं दाबून
की मागची चार पानंही शिव्या देतात.

म्हटलं, थांबा बे जरा.
जाळा, पण आधी ऐका.
मी वकील नाही.
एकतीस वर्षं महापालिकेत व्हॉल्व्हमन होतो.

ती रात्र पुन्हा वाचा.
धुक्याचे लांडगे घाट उतरतात,
उत्तरेच्या दाराबाहेर तीनशे अकरा माणसं,
त्यात त्याचा सख्खा भाऊ.
आत अकरा हजार.
दार मिटायला दोनशे श्वास लागतात,
हे पहिल्याच खंडात आहे, जत्रेच्या वर्णनात,
तुम्ही वगळलेल्या पानावर.
लांडगे दोनशे दहा श्वासांवर होते.
मी मोजलंय. पेन्सिलीनं.
भर मे महिन्यात, कूलरसमोर बसून.

गोरेवाड्याची पातळी उतरली की
वरून कागद यायचा : अमुक वस्ती, दिवसाआड.
सही साहेबाची, किल्ली माझ्या हातात.
बाया रिकामे गुंड घेऊन उभ्या राहायच्या
आणि माझ्या मायचा उद्धार करायच्या.
त्यांचं चुकत नव्हतं.
माझी बहीण त्याच वस्तीत होती.
दोन वर्षं तिची राखी आली नाही.

आणि लेखकाची चलाखी बघा.
भावाला सोळा प्रकरणं दिली,
पुतण्याला बासरी दिली, जखम दिली, चांदणं दिलं.
उदग्राला एक पान नाही मनातलं बोलायला.
तो दिसतो फक्त दुसऱ्यांना,
जिन्याखालून, खिडकीतून, कायम पाठमोरा.
पाठमोरा माणूस
निर्दयच दिसतो रे.

चौथ्या खंडात एक ओळ आहे.
दासी अंथरूण झटकते, तेव्हा उशाखाली
एक दोरी सापडते, तीनशे अकरा गाठींची.
ती दोरी परत ठेवते, आणि गोष्ट पुढे जाते
लढाईकडे.
अख्ख्या कादंबरीत कोणीच विचारत नाही
की ही दोरी कसली.

दोष नाहीच, असं मी म्हणत नाही.
तो निरोप्या पोऱ्या, तेरा वर्षांचा,
ज्याला त्यानं निव्वळ भीतीपोटी फाशी दिली,
तिथं माझ्याकडे बाजू नाही.
तिथं मी पान उलटतो.
त्याच्यासाठी जाळा ना मग!
तसं लिहा पाटीवर.
दारासाठी नका जाळू.

पूर्वेश म्हणाला, काका, आता पाटी कोण बदलते?
तिकडं ढोल सुरू झाले होते.

निघाला बडग्या.
इतवारीच्या गर्दीवरून डुलत,
गुलालात, डीजेत, भोंग्यांच्या आवाजात,
घेऊन जा गे मारबतच्या आरोळ्यांत.
घेऊन जा खोकला, घेऊन जा लाचखोर,
घेऊन जा आमचं जे जे आम्हाला नको.
गर्दीतल्या कुणी वाचली नव्हती कादंबरी.
पाटी बघून एकानं विचारलं,
कोणता नगरसेवक आहे हा?
आणि चप्पल भिरकावली.

मी अर्ध्यातूनच परतलो.
चहा ठेवला, प्यायलो नाही.

रात्री साडेनवाला मृणाली आली,
केसांत राख, हातात अर्धवट जळलेली सुतळी,
बडग्याच्या कमरेची.
उंबऱ्यातूनच विचारलं,
काका, त्या निरोप्याची गाठ
होती का त्या दोरीत?

मी चष्मा लावला.
तीनशे अकरा दाराबाहेरचे.
पोऱ्याला फाशी नंतर, दुसऱ्या हिवाळ्यात.
दासीनं मोजलं ते त्याच्या आधी की मागून?
चौथा खंड उघडला, मग तिसरा,
मग शिवीवालं पान.
मृणाली सुतळीला गाठ मारत बसली होती,
मारायची, सोडायची.

मोरीत नळाला पाणी आलं.
बादली भरून वाहू लागली
तरी दोघांतलं कुणी उठलं नाही.